नव्या मंचावर जायचं तर सभासद होऊन

बडोद्यातल्या मराठी माणसांचा सार्वजनिक व्यवहार गेल्या दहा-पंधरा वर्षांत दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या सर्व्हरवर, म्हणजे त्यांच्या माहिती साठवणाऱ्या संगणकांवर, जाऊन बसला आहे. दांडिया बाजारातल्या गणपतीच्या आरतीची वेळ, कुणाच्या आजोबांच्या निधनाची बातमी, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण, पुण्याहून येणाऱ्या नाटकाच्या तिकिटांची विचारणा, पाडल्या गेलेल्या वाड्यांचे फोटो हे सगळं आता तिथे असतं आणि बहुतेक वेळा फक्त तिथेच असतं. माझं म्हणणं असं की हा व्यवहार तिथून हलवावा. मॅस्टोडॉन, फ्रेंडिका, लेमी अशा ज्या लोकांनीच चालवलेल्या व्यवस्था उभ्या राहत आहेत, त्यांपैकी एखादी निवडून आपल्या संस्थांनी स्वतःचा सर्व्हर सुरू करावा. आणि त्या व्यवस्था परिपूर्ण होण्याची वाट न पाहता आजच्या अपुऱ्या अवस्थेतच हे करावं.

या शेवटच्या मुद्द्यावर लोक थबकतात. रावपुरा, बाबाजीपुरा, शियाबाग इथल्या ज्या ज्या मंडळींशी मी बोलले, त्यांतल्या बहुतेकांची मोठ्या मंचांबद्दल तक्रार आहेच. जाहिराती नकोशा झाल्यात, मुलीचा फोटो टाकायची भीती वाटते, कार्यक्रमाची सूचना कार्यक्रम होऊन गेल्यावर समोर येते. पण "तिकडे आपलं कोण आहे?" या प्रश्नापाशी बोलणं अडतं. तिकडे गर्दी झाली की आम्हीही येऊ, असं सगळेच एकमेकांकडे पाहत म्हणतात.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते सांगते. मॅस्टोडॉन जर्मनीतल्या युजेन रोच्को या तरुण प्रोग्रामरनं २०१६ मध्ये सुरू केलं. दिसायला ते ट्विटरच्या घाटाचं, पण मालकी वेगळी. मॅस्टोडॉनचा एकच एक सर्व्हर नाही. हजारो आहेत आणि प्रत्येकाचा चालक निराळा: कुठे विद्यापीठ, कुठे एखादं शहर, कुठे चार मित्र. एकाचं ईमेल जीमेलवर आणि दुसऱ्याचं ऑफिसच्या सर्व्हरवर असलं तरी पत्र पोचतं, तसंच इथे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचं लिखाण वाचतो, त्याला उत्तर देतो. त्यासाठी सगळ्यांनी पाळायचे नियम ठरलेले आहेत. त्यांना ॲक्टिव्हिटीपब म्हणतात आणि वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं जानेवारी २०१८ मध्ये त्यांना मान्यता दिली. तेच नियम फोटोंसाठीचं पिक्सेलफेड पाळतं, व्हिडिओंसाठीचं पीअरट्यूब पाळतं, रेडिट या चर्चागटांच्या मंचासारखं, २०१९ मध्ये निघालेलं लेमी पाळतं आणि फेसबुकच्या वळणाचं, मॅस्टोडॉनहूनही जुनं फ्रेंडिका पाळतं. सॉफ्टवेअर खुलं आहे, ते कुणीही घेऊन चालवू शकतं. जाहिरातींची सोयच त्यात नाही. मॅस्टोडॉनवर पोस्टी लिहिल्या गेल्या त्याच क्रमानं दिसतात.

एका सर्व्हरवर जमलं नाही तर खातं दुसऱ्यावर नेता येतं, आणि आपलं लिखाण वाचणारी माणसं आपोआप बरोबर येतात. मात्र जुन्या पोस्टी मॅस्टोडॉनवर बरोबर येत नाहीत, त्यांची प्रत उतरवून ठेवावी लागते. ही उणीव लहान नाही. ती आधीच सांगून मगच कुणाला तिकडे बोलवावं.

हलायची गरज काय, असं विचारणाऱ्यांना मी ऑर्कुटची आठवण देते. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बडोदेकरांचं पहिलं समाजमाध्यम तेच होतं. शाळेच्या बॅचा, गल्ल्या, मराठी गाण्यांचे चाहते या सगळ्यांच्या कम्युनिटी तिथे होत्या. गूगलनं ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद केलं. सार्वजनिक कम्युनिटी काही काळ नुसत्या वाचण्यापुरत्या ठेवल्या, पुढे त्याही काढून घेतल्या. यात गूगलनं कोणताही करार मोडला नाही. आपण तिथे पाहुणे होतो आणि यजमानांनी घर आवरलं, इतकंच.

मंच भारतीय असता तर असं झालं नसतं, असं काहींना वाटतं. २०२० मध्ये निघालेलं, ट्विटरसारखं कू बंगळूरचं होतं, मराठीसह अनेक भारतीय भाषांत होतं. सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं होतं. गुंतवणूकदारांचा पैसा आटला, दुसऱ्या कंपनीत विलीन होण्याच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि जुलै २०२४ मध्ये तेही बंद पडलं. बंद करताना वापरणाऱ्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण निर्णयाचा अधिकार वापरणाऱ्यांकडे कधीच नव्हता. मालक कोणत्या देशाचा आहे यानं सामान्य सभासदाच्या स्थितीत काहीच फरक पडत नाही.

आमच्या ओळखीतल्या काहींनी मिळून एका मोठ्या मंचावर जुन्या बडोद्याचे फोटो जमवले होते. वाडे, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, गणपतीच्या मिरवणुका. फोटो तर घरोघरच्या अल्बमांत अजून आहेतच. खरं मोल होतं त्यांच्याखाली लोकांनी लिहिलेल्या मजकुराचं. ऐंशीच्या पुढच्या आजी नातवाकडून टाइप करून घ्यायच्या, की डावीकडून तिसरी ती अमक्यांची थोरली सून, आणि मागे दिसतो तो वाडा पुढे रस्तारुंदीत गेला. चेहऱ्यांना नावं मिळत होती आणि ती सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत होती. एके दिवशी ग्रुप चालवणाऱ्याचं खातं कुठल्याशा स्वयंचलित तपासणीत बंद झालं आणि त्याच्याबरोबर ग्रुपही गेला. दाद मागायला एक फॉर्म होता, त्यावर यंत्राचं ठरावीक उत्तर यायचं. कोणता नियम मोडला ते आजतागायत कळलेलं नाही. ज्या आजींनी नावं सांगितली होती त्यांतल्या काही आता नाहीत, त्यामुळे तो मजकूर पुन्हा जमवणं शक्य नाही. हे असं आणखी किती घरांच्या, किती शाळांच्या बाबतीत होऊ द्यायचं?

तरीही लोक मोठे मंच सोडून जातात आणि परत येतात, हे खरं आहे. ते का होतं ते नीट पाहायला हवं, कारण माझा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातून ट्विटर सोडण्याची एक लाट आली होती. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरनं बंद केलं. त्यांनी १९३६ मधलं ते प्रसिद्ध छायाचित्र लावलं होतं, ज्यात सगळे नाझी सलाम करत असताना एक माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींना नकार देणाऱ्याचं चित्र द्वेषाच्या नियमाखाली काढलं गेलं, याचा लोकांना संताप आला आणि हजारो भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. काही आठवड्यांत त्यांतली बहुतेक शांत झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर घेतलं, तेव्हा मॅस्टोडॉनच्या महिन्याच्या सक्रिय वापरकर्त्यांची संख्या २५ लाखांवर गेली. पुढच्या काही महिन्यांत त्यातलेही पुष्कळ गळाले. जून २०२३ मध्ये रेडिटनं बाहेरच्या ॲपांवर भारी दर लावले. हजारो चर्चागट निषेध म्हणून दोन दिवस बंद राहिले, लेमीवर माणसं आली, आणि बहुतेक चर्चागट पुन्हा रेडिटवरच सुरू झाले.

तिन्ही वेळा राग खरा होता आणि पर्यायही हजर होता. पण माणसं सुटीसुटी गेली. प्रत्येकानं आपापलं खातं उघडलं, दोन-चार दिवस वाट पाहिली, ओळखीचं कुणी दिसलं नाही आणि तो परतला. तिथे पोचल्यावर कुणाकडे काही काम नव्हतं, कुणी वर्गणी भरली नव्हती, कुणाला कुणाची जबाबदारी नव्हती. नवं दुकान पाहायला जावं तशी माणसं गेली, आणि दुकानात माल कमी दिसला की माणूस परततोच.

बडोद्याच्या माणसाला याचं उलट उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. आणंद इथून गाडीनं तासाभरावर आहे. १९४५ च्या सुमारास खेडा जिल्ह्यातलं दूध मुंबईला पाठवण्याचा मक्ता पोल्सन कंपनीकडे होता. पोल्सनकडे कारखाना होता, दूध टिकवण्याचं तंत्र होतं, मुंबईची बाजारपेठ होती, लोण्याचं नाव होतं. शेतकऱ्याकडे म्हैस होती. भाव पोल्सनचे मध्यस्थ ठरवायचे. शेतकऱ्यांचे पुढारी वल्लभभाई पटेलांकडे गेले. त्यांनी सहकारी संघ काढा असा सल्ला दिला, आणि त्यासाठी दूध बंद करण्याची तयारी ठेवा असंही बजावलं. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली आणि गावोगाव दूध मंडळ्या काढायचं ठरलं. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस व्यापाऱ्यांना दूध घातलं नाही. त्रिभुवनदास पटेल गावोगाव हिंडले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली.

या कथेतला क्रम महत्त्वाचा आहे. संघाची नोंदणी झाली तेव्हा त्याच्याकडे पोल्सनच्या तोडीचं काहीही नव्हतं. मुंबईला दूध जायला १९४८ उजाडलं आणि तेही जुन्यापान्या यंत्रांवर. वर्गीस कुरियन आणंदला आले १९४९ मध्ये. म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचं तंत्र, आधुनिक डेअरी, अमूल हे नाव हे सगळं त्याच्याही नंतरचं. आज आपण कुरियनांपासून गोष्ट सुरू करतो, पण शेतकऱ्यांनी कुरियनांची वाट पाहिली नव्हती. ते अपुऱ्या व्यवस्थेत शिरले, आणि ती आपली होती म्हणून तिची दुरुस्ती करत राहिले. ते एकेकटे गेले नाहीत हेही तितकंच महत्त्वाचं. गाव जात होतं. ज्याच्या घरी एकच म्हैस होती त्यालाही संघात मत होतं. आपल्या शहरात रोज सकाळी पिशवीतून येणारं बडोदा डेअरीचं दूध त्याच वाटेवरचं आहे, ती १९५७ ची.

त्याहून जवळचं, आपलंच म्हणावं असं उदाहरण आणखी जुनं आहे. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर, म्हणजे भाऊसाहेब कवठेकर, यांनी १८८९ मध्ये बडोद्यात अन्योन्य सहाय्यकारी मंडळी स्थापन केली. भारतातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. देशातला सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा, म्हणजे मंडळी कायद्याच्याही पंधरा वर्षं आधीची. आदर्श उपविधी नव्हते, निबंधक नव्हता, शेजारच्या गावात चालू असलेला नमुना नव्हता. मध्यमवर्गीय मराठी माणसांनी आपसात पैसे जमवले आणि नियम लिहीत लिहीत संस्था चालवली. सयाजीराव महाराजांच्या राज्यात गावागावात वाचनालयं झाली तीही याच तत्त्वावर. गावानं आपली वर्गणी उभी केली की सरकार आणि पंचायत त्यात भर घालत. ज्या शहरानं हे करून पाहिलं आहे, त्या शहरातल्या माणसांनी "तिकडे कोण आहे?" म्हणून हातावर हात ठेवून बसावं, हे मला पटत नाही.

अन्योन्यचा शेवट मात्र दुःखद झाला. पुढे ती सहकारी बँक झाली, शतक ओलांडून गेली, आणि २००७ च्या सुमारास अडचणीत आली. ठेवीदारांची झुंबड उडाली, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आणि नंतर ती बँक उरली नाही. शहरातल्या अनेक मराठी कुटुंबांना ती आठवण अजून बोचते. समाजाच्या मालकीचं म्हणजे सुरक्षित, असं म्हणणाऱ्या कुणावरही बडोदेकरानं डोळे मिटून विश्वास ठेवू नये. संस्था आपली असली तरी हिशेब कोण पाहतं, सभेला किती जण येतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला कसं वागवलं जातं, यावर तिचं आयुष्य ठरतं.

मॅस्टोडॉनच्या जगातही संस्था बुडतात. तंत्रज्ञांचा एक नावाजलेला सर्व्हर, मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी, २०२२ मध्ये बंद झाला. हजारो खाती होती, पण भार एकाच माणसावर होता आणि वैयक्तिक अडचणींमुळे त्याला तो पेलवेना. त्यानं आधी सूचना दिली, त्यामुळे लोकांना खाती हलवता आली. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं असेल तर सर्व्हरला काही गोष्टी कबूल कराव्या लागतात: रोजच्या रोज माहितीची राखीव प्रत, अडचणीच्या वेळी सर्व्हर हाताळू शकेल असा निदान आणखी एक माणूस, द्वेषाच्या मजकुरावर देखरेख, आणि बंद करायचं झालं तर तीन महिने आधी सूचना. ऑर्कुटवरच्या कम्युनिटीला यातल्या एकाही गोष्टीचा हक्क नव्हता. माझ्या मते आपल्या संस्थेनं याच्याही पुढे जावं. सर्व्हरच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, तीन विश्वस्तांकडे असाव्यात. डोमेनचं नाव, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, संस्थेच्या नावावर घ्यावं, कुणा उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर कधीच घेऊ नये. मंडळांच्या वेबसाइट बंद पडतात त्या अनेकदा याच कारणानं: मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेला, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली आणि नाव सुटलं.

पैशांचा प्रश्न लोक समजतात तितका मोठा नाही. तीन-चारशे सभासदांना पुरेल अशा सर्व्हरचं भाडं महिन्याला हजार-दोन हजार रुपयांच्या घरात जातं. वरचा आकडा धरला तरी वर्षाचे २४ हजार. ३०० सभासदांनी वर्षाला १०० रुपये दिले तर ३० हजार होतात. फोटो वाढतील तशी साठवणुकीची जागा वाढवावी लागेल, म्हणून थोडी शिल्लक हवीच. गणपतीच्या मांडवाच्या एका रात्रीच्या रोषणाईवर याहून जास्त खर्च करणारी मंडळं आपण पाहिली आहेत. पैसे देणगी म्हणून न घेता सभासदाची वर्गणी म्हणूनच घ्यावेत, असा माझा आग्रह आहे. देणगीदार दोन असले की त्यांचा शब्द चालतो. वर्गणीदार तीनशे असले की हिशेब फलकावर लावावा लागतो.

खरी कठीण गोष्ट देखरेखीची आहे. त्याबद्दल बोलताना नव्या मंचांचे समर्थकही घाईनं पुढे सरकतात, म्हणून इथे थोडं थांबते.

मोठ्या मंचांवर देखरेख होते असं आपण धरून चालतो. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. चुकीची माहिती ओळखण्याच्या कामाला दिलेल्या वेळेच्या खर्चातला ८७ टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी राखलेला होता, असं त्यांतून दिसलं. कंपनीचे सर्वांत जास्त वापरकर्ते भारतात असताना हे चाललं होतं. अख्ख्या भारताची ही गत, तर मराठीचं काय, आणि गुजरातीत वाढलेल्या आमच्या बडोद्याच्या मराठीचं काय! एखाद्या जातीला टोमणा मारणारं वाक्य बडोद्यातल्या कोणत्याही माणसाला तत्काळ कळतं. दूर कुठे बसलेल्या यंत्राला त्यात काहीच दिसत नाही. आणि ज्यात काही नाही ते त्याला आक्षेपार्ह वाटतं.

आपल्या सर्व्हरवर देखरेख करणारा शेजारीच असणार. त्याला भाषा कळेल, माणसं माहीत असतील. पण धोकाही त्यातूनच येतो. मंडळांमधली भांडणं आपल्याला नवी नाहीत. कार्यकारिणीवर टीका केली म्हणून कुणाची पोस्ट काढली जाणार नाही कशावरून? एखाद्या मुलीला त्रास देणारा विश्वस्ताचाच पुतण्या निघाला तर? याला माझं उत्तर असं: देखरेख करणारे तीन असावेत, त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात, कार्यकारिणीतलं कुणी नसावं, मुदत एक वर्षाची असावी, आणि काढलेल्या प्रत्येक पोस्टची कारणासह नोंद सभासदांना पाहता यावी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे लहान मंचालाही तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव जाहीर करावं लागतं. त्या नियमाकडे कागदी कटकट म्हणून न पाहता तो मनापासून पाळावा. आपल्या माणसाविरुद्ध आपल्याच माणसाकडे तक्रार करणं सर्वांत अवघड असतं.

आणि एवढं करूनही बिनसलं तर? इथे ही नवी व्यवस्था आपल्या सहकारी संस्थांच्याही एक पाऊल पुढे आहे. मंडळ फुटलं की आजवर एका गटाकडे कार्यालय राहायचं आणि दुसरा रस्त्यावर यायचा. इथे नाराज गट आपला वेगळा सर्व्हर काढू शकतो, आपली खाती घेऊन जाऊ शकतो, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलत राहू शकतात. उलट एखादा सर्व्हर विषारी झाला तर बाकीचे त्याच्याशी संबंध तोडू शकतात. २०१९ मध्ये गॅब या अतिउजव्या अमेरिकी मंचानं मॅस्टोडॉनचं सॉफ्टवेअर उचललं. सॉफ्टवेअर खुलं असल्यानं त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. पण बहुसंख्य सर्व्हरनी त्याला वाळीत टाकलं आणि तो एकटा पडला.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मॅस्टोडॉनवरचे खासगी निरोप कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणारा ते तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतो. घरगुती बोलणं, बँकेची माहिती, लग्नाच्या बोलणीतले नाजूक विषय तिथे लिहू नयेत. त्यासाठी आज आहे ते चालू द्यावं. सगळ्यांनी सगळं सोडून यावं असा माझा आग्रह मुळीच नाही. सार्वजनिक, सामायिक, जपून ठेवायचं असं जे आहे ते आपल्या जागी यावं, एवढंच म्हणते. पहिली एक-दोन वर्षं सूचना आधी आपल्या सर्व्हरवर लिहावी आणि तिचा दुवा जुन्या ग्रुपवर टाकावा. मोठ्या मंचावर दुवा आणि आपल्याकडे मूळ, हा क्रम एकदा बसला की सवय आपोआप हलते.

वयस्कर मंडळींना हे जमणार नाही, असं मला सतत ऐकवलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. ज्या आजी सत्तरीनंतर स्मार्टफोन शिकल्या, भजनी मंडळाचा ग्रुप चालवू लागल्या, त्यांना आणखी एक ॲप शिकवायला कुणीतरी शेजारी बसायला हवं, इतकंच. मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातून दोन रविवार कॉलेजची मुलं बसली तर हे काम होतं. मोठ्या कंपनीचा माणूस येऊन बसत नाही, हाही मालकीतलाच फरक.

बडोद्यापुरताच विचार केला तर हा खटाटोप लहान वाटेल. पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाची घडण पाहा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, तंजावर: प्रत्येकाची संस्था वेगळी, बोलीची लकब वेगळी, इतिहास वेगळा, आणि तरी एकमेकांची विचारपूस चालू. २०१८ च्या फेब्रुवारीत एक्क्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात झालं. तीन दिवस ही सगळी माणसं इथे एका मांडवात होती. मांडव उतरल्यावर तो संवाद विखुरला तो विखुरलाच. एका कंपनीच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना कोंबलं की संख्येनं मोठ्या शहरांचा आवाज वर येतो आणि तंजावरचा माणूस गप्प होतो. प्रत्येक शहराचा आपला सर्व्हर, आपले नियम, आपली देखरेख, आणि सगळे एकमेकांना जोडलेले, ही रचना आपल्या समाजाला बेतून शिवल्यासारखी बसते. इंदूरच्या एखाद्या संस्थेनं मनावर घेतलं तर बडोद्याच्या परवानगीची गरज नाही, आणि दोघांमध्ये तिसऱ्याची दलालीही नाही.

सुरुवात कुठून करावी याबद्दल माझं मत ठाम आहे. गप्पांपासून करू नये, कारण गप्पांना गर्दी लागते आणि ती पहिल्या वर्षी नसणार. सुरुवात जपणुकीपासून करावी. मंडळांच्या कपाटांत पडलेल्या स्मरणिका, नाट्यस्पर्धांची हस्तपत्रकं, जुने फोटो आणि त्यांतल्या माणसांची नावं. हे काम पन्नास माणसांतही पूर्ण वेगानं होतं, आणि ज्याच्या आजोबांचा फोटो तिथे सापडतो तो सांगावं न लागता सभासद होतो. नावं सांगणाऱ्यांचं वय पाहता या कामाला उशीर परवडणारा नाही.

यासाठी दोन-तीन संस्थांनी एकत्र येऊन एक विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, गणेशोत्सवाच्या निदान दोन महिने आधी. डोमेनचं नाव नोंदवण्याचा खर्च, पहिल्या वर्षाचं भाडं, तीन विश्वस्त आणि तीन देखरेखदार इतकंच त्या सभेत ठरवावं. कोणतं सॉफ्टवेअर यावर वाद घालत बसू नये. ते तरुणांवर सोपवावं आणि दोन वर्षांनी फेरविचार करावा. पहिल्या वर्षाच्या देखरेखीच्या कामाला मी माझं नाव देते. वर्गणीची पावतीपुस्तकं छापायला जाण्याआधी ठराव झाला, तर त्याच पावतीवर सर्व्हरच्या सभासदत्वाची शंभर रुपयांची एक ओळ वाढवता येईल.